स्टेपनीतली हवा

२०२४ च्या जुलैतली गोष्ट. रविवार होता, पाऊस जरा उघडला होता, आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लेकीने गाडीच्या बॉनेटवर छोटंसं दुकान मांडलं होतं. हवा भरायची दोन नवी यंत्रं, घरपोच मागवलेली. त्यातलं एक वायरवालं, गाडीच्या सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायचं. दुसरं बॅटरीवर चालणारं, थर्मासएवढं. शेजारी माझा पायाने मारायचा जुना पंप. तो तिने न विचारता माळ्यावरून काढला होता आणि फडक्याने पुसून इतका चकचकीत केला होता की मी त्याला ओळखलंच नाही.

"बाबा, दोन्हीपैकी एक परत करायचंय. कुठलं ठेवू?"

सप्टेंबरात ती, जावई आणि त्यांचे दोन मित्र असे चौघं स्पितीला निघाले होते. मनाली, अटल बोगदा, ग्रांफू, बातल, कुंझुम खिंड आणि मग काझा. स्वतःची गाडी, स्वतःच चालवणार. मला विचारण्याचं कारण म्हणजे बँकेतल्या नोकरीची माझी पहिली नऊ वर्षं जीपमध्ये गेली. वाचक मला, ओळखत असलेच तर, कादंबऱ्यांमुळे ओळखतात. घरात मात्र माझी ख्याती 'पंक्चर काढता येणारे बाबा' एवढीच आहे. तीही थोडी फुगवलेली आहे, हे पुढे येईलच.

मी यंत्रांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या स्टेपनीत हवा किती आहे?"

"असेल की. गाडी घेतल्यापासून वापरलेलीच नाही."

न वापरलेली स्टेपनी म्हणजे भरलेली स्टेपनी, हा समज सार्वत्रिक आहे. आम्ही डिकीतलं सामान काढलं, तळाचा गालिचा उचलला, स्टेपनीच्या व्हॉल्व्हवर गेज लावलं. पस्तीस पौंड हवी होती तिथे अकरा पौंड निघाली. रबरातून आणि व्हॉल्व्हमधून हवा झिरपतच असते. महिन्याला एखाद-दुसरा पौंड. अडीच वर्षांत काय उरणार?

लेक हसली. मला हसू आलं नाही. तिच्या ते लक्षात आलं, पण ती काही बोलली नाही.

'स्टेपनी' हा शब्द आपण इतका आपला करून टाकला आहे की तो मूळचा एका रस्त्याच्या नावावरून आला, हे सांगितलं तर पटत नाही. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे, तिथे स्टेपनी स्ट्रीट आहे. १९०४ साली तिथल्या डेव्हिस बंधूंनी मोटारीसाठी जादा चाकाची युक्ती काढली. तोपर्यंत मोटारी जादा चाकाशिवायच विकल्या जात. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर उचकटून दुरुस्त करायचा. डेव्हिस बंधूंचं चाक म्हणजे आरे नसलेली, हवा भरलेल्या टायरची नुसती कडी. ती पंक्चर झालेल्या चाकावर बाहेरून अडकवायची. इंग्रजांनी पुढे तो शब्द टाकून दिला, आपण मात्र जपून ठेवला. आमच्या बँकेत तर रजेवर गेलेल्याच्या जागी धाडायच्या अधिकाऱ्यालाही 'स्टेपनी' म्हणत. सुरुवातीची दोन वर्षं मी स्वतः स्टेपनी होतो.

मला हसू का आलं नाही, ते आता सांगतो. सदतीस वर्षं मी ते कुठे लिहिलेलं नाही. कादंबरीतही नाही.

१९८७ साल. सातपुड्याच्या पायथ्याशी आमची शाखा. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ साली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची ती वर्षं. शेळ्या, बैलजोड्या, म्हशी यांची कर्जं वाटायची आणि मग ती जनावरं जागेवर आहेत का ते पाहायला डोंगरात जायचं. शेळीच्या कानात विम्याचा बिल्ला असे. शेळी मेली तर दावा करताना बिल्ल्यासकट कान द्यावा लागे. असे वाळलेले कान पाकिटात घालून मी शाखेत आणलेले आहेत.

शाखेला एक जीप होती आणि जीपला एक ड्रायव्हर. वयाने माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. सगळी शाखा त्यांना मामा म्हणे, मीही म्हणत असे. ते मला साहेब म्हणत. जीपचं एक रजिस्टर होतं. दर महिन्याच्या एक तारखेला अधिकाऱ्याने गाडीची पाहणी करून त्यात सही करायची. रकाने छापलेले होते: जॅक, पाना, टॉमी, हवेचा पंप, स्टेपनी. प्रत्येकापुढे 'सुस्थितीत' असं लिहायचं. एक तारखेला शाखेत पगाराची झुंबड असे. मी पाचही रकान्यांत एकाखाली एक 'सुस्थितीत' लिही, खाली सही ठोकी आणि रजिस्टर मिटे. गाडीपाशी जायला वीस पावलं होती.

त्या जुलैत धडगावच्या पलीकडच्या एका पाड्यावरून आम्ही परत येत होतो. संध्याकाळचे सहा वाजले असतील. मागचं डावं चाक पंक्चर झालं. मामांनी जागा पाहून गाडी उभी केली, चपटा दगड शोधून त्यावर जॅक ठेवला, चाक काढलं, स्टेपनी चढवली, नट आवळले. पंधरा मिनिटांचं काम. मी शेजारी उभा राहून पाने हातात देत होतो. मग जॅक उतरवला आणि गाडीच्या वजनाखाली स्टेपनी भाकरीच्या पिठासारखी पसरली. आत हवा नव्हतीच.

मामांनी टायरकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

आता पहिली ट्यूब दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. टॉमी घालून टायर उचकटला, ट्यूब काढली, पॉलिश पेपरने घासली, सोल्यूशन लावून ठिगळ मारलं, पंपाने हवा भरली. यात तास गेला आणि पाऊस आला. सातपुड्यातला पाऊस, म्हणजे मातीचा रस्ता बघता बघता ओढा. गाडी दुसऱ्यांदा उचलायची वेळ आली तेव्हा जॅकखालच्या दगडाखालून पाणी वाहत होतं. बसलेली स्टेपनी निघाली, पण हवेने टम्म भरलेलं चाक आत जाण्याएवढी उंची मिळेना, कारण जॅकच चिखलात दोन-तीन इंच रुतला होता. म्हणून मामा ब्रेक ड्रमच्या खालचा चिखल हाताने उपसू लागले. मी बॅटरी धरली होती. जॅक कललेला मी पाहिला. ओरडलोही असेन, पण गाडी ओरडण्याची वाट पाहत नाही.

उजवा हात. करंगळी आणि अनामिका.

त्या अवस्थेत मामा मला काय म्हणाले ते सांगतो. ते म्हणाले, "साहेब, घाई करू नका. आधी दगड बदला. मोठा घ्या." मी दगड बदलला, जॅक पुन्हा लावला, माझे हात थरथरत होते, आणि अडकलेला माणूस शांतपणे मला सूचना देत होता. डांबरी रस्त्यावर बांबूचा एक ट्रक मिळाला. शहाद्याला पोचायला रात्रीचे अकरा वाजले. दोन्ही बोटांची वरची पेरं गेली. चार महिन्यांनी मामा कामावर रुजू झाले आणि निवृत्त होईपर्यंत गाडी चालवत राहिले.

अपघाताचा अहवाल मीच लिहिला. 'कारण' या रकान्यात मी लिहिलं: 'मुसळधार पावसामुळे जमीन खचून जॅक घसरला.' त्यात खोटं अक्षर एकही नव्हतं. गाडी दुसऱ्यांदा का उचलावी लागली, याचा रकाना त्या फॉर्ममध्ये नव्हता.

हे सगळं मी लेकीला त्या रविवारी पार्किंगमध्ये सांगितलं का? नाही. मी एवढंच म्हणालो की यंत्र कुठलं ठेवायचं ते नंतर बघू, आधी तपासायचं काय ते ठरवू. पण पुढचं सगळं मी ज्या चिकाटीने सांगितलं, आणि मध्येच सौ.ने गॅलरीतून "अहो, पोहे गार झाले" म्हणून दोनदा हाक मारली तरी हललो नाही, त्याचं मूळ त्या चिखलात होतं.

सगळ्यात आधी घ्यायचं ते यंत्र नव्हे, गेज. तीन-चारशे रुपयांचं, साधं घड्याळी तबकडीचं. यंत्रावर स्वतःचं गेज असतं, आकडेही ठळक दिसतात, पण ते दोन-तीन पौंडांनी चुकू शकतं आणि चुकतंय हे कळायला दुसरं गेजच लागतं. बँकेत रोकड मोजणारा एक आणि तपासणारा दुसरा असतो, त्यातलाच प्रकार. हवा किती हवी, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर छापलेलं असतं. सामान-माणसांनी भरलेल्या गाडीसाठी निराळा आकडा असतो, तोही तिथेच असतो. टायर थंड असताना मोजायची. वीस किलोमीटर पळून आलेल्या गरम टायरची हवा मोजून ती 'जास्त आहे' म्हणून सोडणारे महाभाग मी पाहिलेले आहेत.

आता यंत्र. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'दीडशे पीएसआय' लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक त्याला भुलतं. मोटारीला लागतात पस्तीस. दीडशेचं करायचं काय? पाहायचं ते हे, की यंत्र मिनिटाला किती लिटर हवा ढकलतं. मोटारीच्या टायरची पोकळी साधारण तीस-पस्तीस लिटरची. तो रिकाम्यापासून पूर्ण भरायचा तर बाहेरची सत्तर-ऐंशी लिटर हवा आत कोंबावी लागते. खोक्यावर मिनिटाला पस्तीस लिटर लिहिलं असेल तर तो आकडा मोकळ्या हवेतला. टायरमधला दाब वाढेल तसा वेग निम्म्यावर येतो. म्हणजे चार-पाच मिनिटं धरा. लहानसं यंत्र दहा मिनिटंही घेतं आणि तेवढ्यात इतकं तापतं की हात लावता येत नाही. सलग किती मिनिटं चालवायचं आणि मग किती वेळ थंड होऊ द्यायचं, हे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ते वाचूनच यंत्र घ्यावं.

सिगारेट लायटरच्या भोकात चालणाऱ्या यंत्राची मर्यादा त्या भोकाच्या फ्यूजमध्ये असते. बहुतेक गाड्यांत तो दहा ते वीस अँपिअरचा. त्याहून जास्त वीज खाणारं दणकट यंत्र हवं तर ते बॅटरीला थेट चिमट्यांनी जोडायचं घ्यावं लागतं. ज्यांना वाळूत, दगडांत मुद्दाम हवा काढून गाडी चालवायची आणि मग चारही टायर पुन्हा भरायचे असतात, त्यांनी ते घ्यावं. वाळूत टायरमधली हवा पंधरा-अठरा पौंडांपर्यंत उतरवली की टायर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी रुतत नाही. थरच्या वाळूत जीपवाले हेच करतात. पण तशीच गाडी डांबरावर आणून पळवली तर टायरच्या कडा सारख्या दुमडून तापतात आणि फुटतात. म्हणजे हवा काढायची असेल तर भरायचं साधन आधी खिशात हवं. (कोकणातल्या पुळणीवर गाडी घालून, भरती येईस्तोवर तिथेच फिरवत बसणाऱ्यांसाठी मात्र माझ्याकडे कुठल्याही यंत्राची शिफारस नाही. तिथे कासवं अंडी घालतात.)

बॅटरीवालं यंत्र हाताळायला सुखाचं. वायर नाही, गुंता नाही. पण थंडीत त्याची बॅटरी मलूल होते. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, सप्टेंबरअखेरीला पहाटे पारा शून्याजवळ जातो. रात्रभर डिकीत पडलेलं ते यंत्र सकाळी अर्ध्या टायरात मान टाकू शकतं. शिवाय ते भारलेलं ठेवायचं लक्षात राहिलं पाहिजे. म्हणजे पुन्हा न वापरलेल्या स्टेपनीचीच गोष्ट. वायरवालं यंत्र गाडी चालू आहे तोवर चालतं. म्हणून मी लेकीला वायरवालं ठेवायला सांगितलं. तेही लगेच नाही. आधी वायर आणि नळी मागच्या उजव्या चाकापर्यंत पोचते का ते पाहिलं. पोचली, वीतभर उरली.

आणि पायाचा पंप? तो न्यायचाच. त्याला फ्यूज नाही, बॅटरी नाही. तीनशे-चारशे वेळा पाय मारावा लागतो, उंचावर धाप लागते, पण तो बंद पडत नाही. त्याची चामडी वायसर सुकली होती. दोन थेंब तेल सोडलं आणि तो एखाद्या निवृत्त माणसाला कामावर बोलवावं तसा तरतरीत झाला.

उंचावर गेल्यावर टायर फुगतात का, असं जावयाने विचारलं. प्रश्न चांगला होता. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब चौदा-पंधरा पौंड असतो. कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे, तिथे तो साडेआठच्या आसपास उरतो. गेज बाहेरच्या आणि आतल्या दाबातला फरक दाखवतं, त्यामुळे हवेचा कणही न भरता काटा सहा पौंडांनी चढायला हवा. पण तिथे थंडीही असते. थंडीने हवा आक्रसते, आणि इथल्या तीस अंशांतून तिथल्या पाच अंशांत गेलं की चारेक पौंड उतरतात. गोळाबेरीज दोन-अडीच पौंडांची वाढ. घाबरून खिंडीत हवा सोडत बसण्याइतकं त्यात काही नाही. उलट, हवा विरळ असल्याने भरायला यंत्राला वेळ मात्र जास्त लागतो. जावई गणिताचा माणूस, त्याने कागदावर हिशोब मांडून पाहिला आणि मान डोलावली.

पंक्चरचं आताचं प्रकरण आमच्या काळापेक्षा सोपं झालं आहे. टायर ट्यूबलेस असतात. खिळा दिसला तर तो लगेच उपटायचा नाही, कारण बऱ्याचदा त्यानेच भोक बुजवलेलं असतं. चाक न काढताही काम होतं. खिळा काढायचा, कानस असलेला टोच्या भोकात फिरवून ते साफ करायचं, मग सुईत ओवलेली चिकट रबरी वात दाबून आत बसवायची आणि सुई झटक्यात ओढून घ्यायची. सांगायला दोन वाक्यं, करायला मनगट लागतं. पहिल्यांदा करणाऱ्याचा टोच्याच आत जात नाही. म्हणून टायरच्या दुकानातून एक टाकाऊ टायर मागून आणा आणि त्यावर हात बसवा. आम्ही तसंच केलं. मात्र ही वात चालते ती जमिनीला टेकणाऱ्या जाड भागात. टायरच्या कडेला दगडाने चीर पडली तर वात टिकत नाही, तिथे स्टेपनीच हवी. आणि दगडांच्या रस्त्यावर टायर बहुधा कडेलाच फाटतो.

ही गोष्ट सांगायचं कारण आहे. २०२० च्या जुलैत केंद्र सरकारने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं सामान असेल तर लहान मोटारीत स्टेपनी असलीच पाहिजे अशी सक्ती राहिली नाही. शहरात ठीक आहे. पण गाडी विकत घेताना डिकीचा गालिचा उचलून पाहा. काही गाड्यांत स्टेपनीच नसते. काहींत मूळ टायरपेक्षा बारीक, ताशी ऐंशीची मर्यादा लिहिलेली. तेवढ्यापुरती ती चालते, पण स्पितीच्या दगडांवर तिच्या भरवशावर पुढचे शंभर किलोमीटर काढायचे म्हणजे जीव मुठीत धरणं आलं.

जॅकवर मी सगळ्यात जास्त वेळ घेतला, हे सांगायला नकोच. गाडीबरोबर येतो तो कात्रीसारखा उघडणारा जॅक. तो सपाट, टणक जमिनीसाठी केलेला असतो. माती, रेती, चिखल आला की त्याचा इवलासा पाय रुततो. त्याखाली फूटभर लांबीरुंदीची, इंचभर जाडीची फळी हवी. एवढंच. लोक हजारो रुपयांचे चारफुटी जॅक घेतात. ते चित्रांत छान दिसतात, पण आताच्या साध्या मोटारींना तो अडकवायला पोलादी बंपरच नसतो, आणि त्याचा दांडा सुटला तर जबडा फोडतो. तेलावरचा बाटलीसारखा जॅक चांगला, पण तुमच्या गाडीखाली तो मावतो का, आणि तो टेकवायला पक्की जागा आहे का, हे घरीच पाहा. कात्री जॅक टेकवायची जागा उंबऱ्याखालच्या पत्र्यावर खाचा पाडून दाखवलेली असते. दुसरीकडे टेकवलात तर पत्रा आत जातो.

आणि मामांची एक पद्धत. अपघातानंतर त्यांनी ती कधी मोडली नाही. गाडी उचलली की आधी स्टेपनी आडवी करून गाडीच्या पोटाखाली, जॅकच्या शेजारी सरकवायची. खराब चाक निघालं की स्टेपनी बाहेर काढून त्या जागी खराब चाक सरकवायचं. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसते, माणसावर नाही. तीन बोटांच्या उजव्या हाताने ते चाक सरकवत आणि शेजारी उभ्या असलेल्याला म्हणत, "ह्याला पैसे पडत नाहीत."

मग आम्ही प्रत्यक्ष चाक बदलायला घेतलं. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, तिरक्या बाजूच्या चाकाला पुढे-मागे दगड. गाडी उचलण्याआधीच नट सैल करायचे, हे लेकीला ठाऊक होतं. पण नट हलेचनात. टायरच्या दुकानात ते हवेच्या बंदुकीने आवळतात, दोन सेकंदांत, आणि असे की गाडीबरोबर मिळालेल्या वितीएवढ्या पान्याने बापजन्मी सुटू नयेत. ती पान्यावर उभी राहिली. पाना वाकला, नट तसाच. तळमजल्यावरचे एक निवृत्त इंजिनीअर गृहस्थ खुर्ची घेऊनच खाली आले होते. ते म्हणाले, "कुणातरी पुरुषाला बोलवा." लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मी आतून दोन फुटी लोखंडी पाइप आणून पान्याच्या दांड्यावर चढवला. एका हाताने नट सुटला. गृहस्थांनी विषय बदलला.

त्याच दिवशी बाजारातून चार तोंडांचा फुलीच्या आकाराचा पाना आणला. त्याच्या चारही तोंडांची मापं निराळी असतात, त्यातलं एक आपल्या नटाला बसतं हे दुकानातच पाहून घ्यावं. अलॉयच्या चाकांना चोरीच्या भीतीने एखादा कुलुपी नट लावलेला असतो. त्याची किल्ली घरच्या ड्रॉवरमध्ये ठेवून काझाला जाणारे लोक जगात आहेत. आमच्या गाडीची किल्ली गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत, पॉलिसीच्या घडीत सापडली.

नट आवळायचे ते समोरासमोरचे, एक सोडून एक. आणि पन्नास-शंभर किलोमीटरवर थांबून पुन्हा एकदा. लेकीला पहिल्या खेपेला चाळीस मिनिटं लागली. पुढच्या रविवारी सव्वीस. तिसऱ्या रविवारी मी तिला अंधारात, कपाळावर बॅटरी बांधून आणि बागेच्या पाइपने आजूबाजूला पाणी सोडून बदलायला लावलं. तेव्हा सौ. खाली आली आणि म्हणाली, "अहो, तिला स्पितीला जायचंय, लढाईला नाही." तरीही तिने अठरा मिनिटांत चाक बदललं. जॅकखाली फळी होती. पोटाखाली चाक होतं. तिथे दुपारनंतर बर्फ वितळून ओढ्यांचं पाणी चढतं. जो ओढा अकरा वाजता घोटाभर असतो तो तीन वाजता गाडी अडवतो. अठरा मिनिटं आणि दोन तास यांत तिथे एका रात्रीचा फरक पडू शकतो.

स्पितीची सहल व्यवस्थित पार पडली. त्यांच्या गाडीला पंक्चर झालंच नाही. ग्रांफू आणि बातलच्या मध्ये पंजाबकडच्या एका कुटुंबाची गाडी कडेचा टायर फाटून उभी होती. त्यांच्या स्टेपनीत हवा नव्हती. आमचं वायरवालं यंत्र तिथे सात मिनिटं चाललं. त्यांच्या आजींनी लेकीच्या हातावर अक्रोड ठेवले.

तिने हे फोनवर सांगितलं त्या रात्री मी मामांना फोन लावला. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे. शहाद्याजवळ मुलाकडे असतात. दिवाळीला आमचा फोन होतो, प्रकृतीची चौकशी होते आणि संपतो. त्या रात्री मी त्यांना म्हणालो, "मामा, ती सत्त्याऐंशीतली गोष्ट. त्या महिन्यात मी स्टेपनी न बघताच रजिस्टरवर सही केली होती."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मला वाटलं फोन तुटला.

"साहेब," मामा म्हणाले, "तुम्ही कधीच बघत नव्हता. मला ठाऊक होतं. म्हणून तर मी भरून घेतली नव्हती. उद्या भरू, परवा भरू."

मग त्यांनी विचारलं, पोरगी स्वतः गाडी चालवते का? चाक स्वतः बदललं? किती मिनिटांत? मी अठरा म्हणालो.

"फळी कसली घेतली?"

"घरात होती ती. सागाची."

"साग चिरतो साहेब, रेषेत. जाड प्लायची घ्या. आणि चारी कोपऱ्यांना भोकं पाडून दोरी ओवा, चिखलातून ओढून काढता येते. हात घालावा लागत नाही."

दुसऱ्या दिवशी मी सुताराकडे गेलो.